पपनसावरून टोरंटो

तौल्यू गावच्या लाय चिनफांनी आयुष्यभर जमीन मोजली. ओढा मोजला, ओढ्याकाठचं बांबूचं बन मोजलं, आणि दोन भावांमधला एक बांध तर इतक्यांदा मोजला की भाऊ मेले, बांध राहिला. मोजणी कचेरीतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी हाताची खोड गेली नव्हती. जेवणाच्या टेबलापासून मोरीपर्यंत किती अंतर, हे त्यांच्या घरी आलेल्या पाहुण्याला न विचारता कळायचं. गल्ली त्यांना अजून लाय साहेब म्हणायची. काही लोक आदरानं म्हणायचे, बाकीच्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

अशा माणसाला कुणी टोरंटो किती लांब आहे हे विचारू नये. कोपऱ्यावरच्या न्याहारीच्या दुकानात त्साय काकूंनी ते विचारलं, तव्यावर अंड्याची पोळी उलटता उलटता, आणि उत्तराची वाट न बघता त्या पुढच्या गिऱ्हाइकाचं सोयाबीनचं दूध ओतायला वळल्या. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. लाय साहेबांचा सुरू झाला.

विचारायला कारण होतं. साहेबांची एकुलती एक लेक पेइशान टोरंटोला नांदत होती आणि तिचे दिवस भरत आले होते. दोन वर्षांपूर्वीही तिला दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. घरात त्यावर कुणी बोलत नसे. यूश्या, म्हणजे साहेबांची बायको, त्या वेळी विणायला घेतलेलं टोपडं उसवून लोकर परत गुंडाळून बसली, तेवढंच काय ते बोलणं. गल्ली मात्र बोलली. पोरगी पंचांग न बघता घाईनं वाईट दिवशी विमानात बसून गेली, दुसरं काय होणार, असं गल्लीचं म्हणणं पडलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात हद्दीच्या दगडाखेरीज कशावर विश्वास ठेवला नाही, त्या माणसाच्या कानात हे वाक्य कुसळासारखं जाऊन बसलं आणि निघेना.

आता ठरलं होतं असं, की बाळंतपणाआधी यूश्यानं तिथं पोचायचं, लेकीच्या उशाशी बसायचं, आणि पुढे महिनाभर तिला तिळाच्या तेलात आलं परतून तांदळाच्या दारूत शिजवलेलं कोंबडीचं कालवण पाजायचं. यूश्याची बॅग भरून तयार होती. तिळाच्या तेलाच्या दोन बाटल्या तिनं नवऱ्याच्या जुन्या लोकरी बंड्यांत गुंडाळल्या होत्या, कारण त्या बंड्यांचा याहून चांगला उपयोग तिला तीस वर्षांत सापडला नव्हता. फक्त या खेपेला चूक होऊ द्यायची नव्हती. चूक न होऊ देण्याचं काम लाय साहेबांनी स्वतःकडे घेतलं.

दिवाणखान्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. मधोमध निळाशार महासागर, डाव्या काठाला आपलं बेट, उजव्या काठाला वर टोरंटो. साहेबांनी यूश्याच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टाचणी ताओयुआनच्या विमानतळावर रोवली, दुसरी टोरंटोवर, आणि दोरा असा ताणला की नकाशाचा कागद कण्हला. मग खालच्या प्रमाणपट्टीशी ताडून त्यांनी जाहीर केलं, पंधरा हजार किलोमीटरला थोडं कमी. दिशा पूर्व. किंचित वर, पण पूर्व.

मोबाईलनं विचारायच्या आधीच बारा हजार सांगितलं होतं. साहेब मोबाईलकडे बघून असे हसले जसे साहेब लोक नव्या कारकुनाकडे बघून हसतात. "जवळजवळ तीन हजार किलोमीटर खाल्ले यानं," ते म्हणाले. "आमच्या कचेरीत तीन हात खाणाऱ्याला घरी बसवलंय मी."

मग देवळामागच्या हुंग गुरुजींकडे जाणं झालं. गुरुजी पंचांग बघून दिवस काढून देतात. लग्नाचे, गृहप्रवेशाचे, दुकानाची पाटी चढवायचे, आणि हल्ली विमानांचेही. भुतांचा महिना नुकता सरला होता, साऱ्या गावानं अडवून धरलेली कामं एकदम सुटली होती, आणि गुरुजींच्या दारात वरातीसारखी गर्दी होती. गुरुजींनी यूश्याचं जन्मवर्ष विचारलं. बकरीचं, बारा प्राण्यांच्या चक्रातलं. त्यांनी पानं उलटली, सुस्कारा टाकला, परत उलटली. बकरीच्या बाईला दूर प्रवासाला या पंधरवड्यात एकच दिवस होता, येता शनिवार. त्या दिवशी उत्तर दिशा तेवढी बंद. बाकी तिन्ही मोकळ्या.

टोरंटो कुठल्या दिशेला, असं गुरुजींनी विचारलं. साहेबांची छाती भरून आली. असा प्रश्न त्यांना निवृत्तीनंतर कुणी विचारला नव्हता. पूर्वेला, ते म्हणाले, स्वतः मोजलंय. गुरुजींनी लाल कागदावर दिवस लिहून दिला आणि शनिवारचं तिकीट निघालं.

तिकीटही एक चमत्कारच निघालं. ताओयुआनहून संध्याकाळी सातला सुटायचं आणि टोरंटोला त्याच दिवशी संध्याकाळी आठला पोचायचं. शेजारचे ल्याव मास्तर, जे चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून आता कुठल्याही विषयावर मत द्यायला मोकळे झाले होते, त्यांनी साहेबांचं अभिनंदन केलं. पंधरा हजार किलोमीटर एका तासात म्हणजे विज्ञान कुठं गेलंय बघा, असं ते म्हणाले. साहेबांनी त्यांना घड्याळ तिकडे कसं मागं असतं आणि प्रत्यक्षात तेरा तास कसे लागतात हे समजावलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि तरीही एक तासच बरा, असं मत दिलं.

इथवर सगळं नीट चाललं होतं. गुरुवारी सकाळी साहेब न्याहारीला गेले आणि आपल्या मोजणीची हकीकत त्यांनी तव्यासमोर उभ्या असलेल्या सगळ्या रांगेला सांगितली. रांगेला भूक लागली होती, म्हणून रांग गप्प होती. त्साय काकू गप्प नव्हत्या. त्यांचा मुलगा व्हँकूव्हरला, त्या तिथं दोनदा जाऊन आलेल्या, आणि त्या दोन खेपांवर त्यांनी गल्लीत दहा वर्षं राज्य केलं होतं. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर छोटा पडदा असतो, काकू म्हणाल्या, त्यावर विमान दिसतं. ते पूर्वेला जातच नाही. ते जपानवरून वर चढतं, वर म्हणजे वर, बर्फापर्यंत, आणि मग पलीकडे उतरतं. टोरंटोचं तर त्याहून वर जात असेल.

"काकू, तो पडदा लहान मुलांच्या करमणुकीसाठी असतो," साहेब म्हणाले.

"असेल. पण खिडकीतून खाली बर्फ दिसत होता तो कुणाच्या करमणुकीसाठी?"

रांग हसली. भुकेली माणसं हसतात तेव्हा जरा जास्तच हसतात. साहेबांनी आपली पोळी बांधून घेतली, खाल्ली नाही, आणि ते ताठ मानेनं घरी आले. मान ताठ होती कारण ती वळवली असती तर हसणारे दिसले असते.

मास्तर मागोमाग आले. नकाशा सपाट असतो, पृथ्वी गोल असते, हे त्यांनी दारातूनच सांगितलं, आणि ते इतकं खरं होतं की साहेबांना त्यांचा मनापासून राग आला. पृथ्वीचा गोल कुणाच्याच घरी नव्हता. पण तौल्यूत पपनसाचे दिवस होते. घराघरांत टोपल्या, ओसरीत वास, जिन्यावर वास, देवापुढे वास. मास्तरांनी टोपलीतलं एक भरदार पपनस उचललं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ही घ्या पृथ्वी.

दुपारभर साहेबांनी पपनसावर पृथ्वी काढली. मार्करनं बेट काढलं, जपान काढलं, टोरंटोला टाचणी मारली तेव्हा रसाचा एक थेंब कॅनडाभर पसरला. मग दोरा ताणला. पूर्वेला ताणला तर तो सैल पडे. बोटानं घट्ट केला की सालीवरून सुळकन घसरून देठाकडे चढे. साहेब त्याला खाली ओढत, तो वर चढे. बांधावरच्या भांडणात शेतकरी दोरी आपल्याकडे ओढतो तसा देठाकडून कुणीतरी तो ओढत होतं. आमच्याकडचं पपनस देठाकडे निमुळतं असतं, त्यामुळे दोरा उत्तर ध्रुवालाच लोंबकळायला लागला. बघायला जमलेल्या चौघांनी आपापलं मत दिलं. कुणी म्हणालं पपनस वाकडं आहे, कुणी म्हणालं पृथ्वीही वाकडी असेल, आणि एकानं टाचणीच्या भोकातून गळणारा रस चाखून या झाडाचं फळ यंदा आंबट आहे असं सांगितलं. मास्तरांनी दुसरं, गोलसर पपनस शोधून आणलं. दोरा त्यावरही वर चढला, आणि मोजला तेव्हा तीन हजार किलोमीटरनं आखूड भरला. मोबाईल खिशात गप्प होता. त्याला लाज असती तर तो तेव्हा वाजलाही नसता, पण तो वाजला.

पेइशान होती. आई आहे का, तिनं विचारलं. साहेबांनी तिला विमान कुठल्या बाजूनं येतं हे विचारलं. तिला माहीत नव्हतं. आवाज थकलेला होता, पाय सुजलेत म्हणाली, आणि आईला द्या म्हणाली. यूश्या फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आली नाही. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं. शनिवारी उत्तर बंद होती आणि विमान उत्तरेला जाणार होतं, यापलीकडे त्यांना काही दिसत नव्हतं.

त्यांनी विमान कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली. शनिवारचं विमान सरळ पूर्वेला नेता येईल का, असं साहेबांनी तिला विचारलं. तिनं खिडकीजवळची जागा देऊ का विचारलं. साहेबांनी प्रश्न परत सांगितला, सरकारी पत्रातल्यासारखा, अंतर जास्त पडेल आणि तीन-साडेतीन तास वाढतील याची आम्हांला पूर्ण जाणीव आहे हे धरून. बाई म्हणाली मार्ग वैमानिक वारा बघून ठरवतात. मग वैमानिकांना जोडून द्या, साहेब म्हणाले. मग निदान फार वर जाणार नाही एवढं लेखी द्या, म्हणाले. बाईंनी त्यांना या संवादाबद्दल समाधानी असल्यास एक आणि नसल्यास दोन दाबायला सांगितलं. त्यांनी दोन दाबलं. ते दोन कुठं गेलं हे आजतागायत कळलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी ते पुन्हा हुंग गुरुजींच्या दारात. प्रश्न असा मांडला की गाव पूर्वेला असेल पण वाट उत्तरेची असेल तर दिवस कुठला धरायचा. गुरुजींनी चहा ओतला, प्याला, पुन्हा ओतला. त्यांच्या साऱ्या हयातीत माणसं जिथं जायची तिकडेच तोंड करून जात होती. शेवटी ते म्हणाले की दिशा म्हणजे तोंड जिकडे, ती. विमानाचं तोंड उत्तरेला तर उत्तर. पण तोड आहे, ते म्हणाले, कारण तोड नसती तर दारात गर्दी कशाला असती. आधी दक्षिणेला निघायचं. एकदा दक्षिणेला पाऊल पडलं की पुढचं सगळं त्या पावलाच्या हिशेबात जातं.

साहेब घरी आले ते दक्षिण शोधत. मोबाईलवर त्यांनी एक वाट काढली. गाडीनं काओश्युंगला खाली, तिथून विमानानं सिंगापूर, तिथून दुसरं विमान महासागर ओलांडून अमेरिकेत, तिथून तिसरं टोरंटोला. दीड दिवस आणि वर थोडं. अमेरिकेत नुसतं उतरायलाही परवानगी लागते हे नंतर कळलं. ती मिळायला किती दिवस लागतील याची खात्री नाही हे त्याच्यानंतर. साहेबांनी हा सगळा बेत टेबलावर मांडला, पपनसं बाजूला सारून. मास्तर आणि शेजारचे दोघे वाकून बघत होते. यूश्या दाराशी उभी होती, हात फडक्याला पुसत.

"अहो, एक विचारू का," ती म्हणाली. "ताओयुआन आपल्या घरापासून कुठल्या दिशेला?"

मास्तरांनी एक पपनस उचललं आणि ते कुठं ठेवावं हे न कळून हातातच धरून ठेवलं. तौल्यूतली शेंबडी पोरंसुद्धा ताओयुआनला वरच म्हणतात. वर जातो, वरून आलो. साऱ्या देशाची गाडी वर जाते नाहीतर खाली येते, तिसरं काही करतच नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं प्रत्येक मोजणी अर्जदाराच्या उंबऱ्यापासून सुरू केली, त्यानं आपल्या बायकोचा प्रवास विमानतळावरून मोजायला घेतला होता. दोऱ्याचं पहिलं टोकच चुकीच्या जागी रोवलेलं. विमान पूर्वेला जावो, बर्फात जावो, चंद्रावर जावो, शनिवारी यूश्या घराबाहेर पडली असती ती उत्तरेलाच.

साहेब खुर्चीत बसले. बसताना त्यांनी अंतर बघितलं नाही. मग हळू आवाजात म्हणाले की शनिवार सोडू, गुरुजींकडून पुढचा दिवस काढू, पंधरवड्यानंतर एखादा असेल.

"पंधरवडा नाही," यूश्या म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत आज-उद्या. पेइशान काल फोनवर रडली. तिकीट मी बदललंय, त्सायबाईंच्या व्हँकूव्हरच्या सुनेनं करून दिलं. आज संध्याकाळचं विमान आहे. दुपारची गाडी."

साहेबांचा हात आपोआप गुरुजींकडून आणलेल्या पंचांगाकडे गेला. शुक्रवारच्या पानावर बकरीच्या वर्षी जन्मलेल्यांनी उंबऱ्याबाहेर पडू नये असं लाल अक्षरात होतं. त्यांनी ते पान तिच्यापुढे धरलं. "गेल्या वेळी असंच झालं ना," ते म्हणाले.

यूश्यानं पंचांग त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि मिटलं.

"गेल्या वेळी दिवस चांगला होता की वाईट होता मला माहीत नाही. माझी पोर तिकडे एकटी होती आणि मी इथं बसून लोकर गुंडाळत होते. त्या दिवसात वाईट होतं ते एवढंच."

बघायला आलेली माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. मास्तर जाताना पपनस बरोबर घेऊन गेले. त्या वेळी ते परत मागायचं कुणाला सुचलं नाही.

दुपारी दोघं स्टेशनवर गेले. साहेब बॅग ओढत होते आणि बोलत नव्हते, यूश्याला दोन्ही गोष्टी बऱ्या वाटत होत्या. गाडी आली, जागा सापडली, आणि तिथं लाय साहेबांनी आपल्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं धाडस केलं. त्या गाडीच्या खुर्च्या पायाशी दांडी दाबली की गर्रकन फिरतात. साहेबांनी दांडी दाबली आणि दोघांची खुर्ची उलटी फिरवली. मागचा माणूस गुडघ्याला गुडघा लागल्यावर दचकला आणि काही झालंय का विचारू लागला. गाडी वर निघाली. यूश्या खाली, म्हणजे दक्षिणेकडे, तोंड करून बसली होती. बाहेर भाताची शेतं, बगळे, पपनसाच्या बागा तिच्यापासून मागं जायच्या ऐवजी तिच्या डोळ्यांसमोर लांब लांब होत होत्या, जशा सासरच्या वाटेवर मागं वळून बघणाऱ्या पोरीला दिसतात. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर समोरच्या अनोळखी माणसाच्या बुटांवर होती.

"मला असं बसलं की मळमळतं," ती म्हणाली. पण खुर्ची सरळ कर म्हणाली नाही.

विमानतळावर तिनं बॅग घेतली, तेलाच्या बाटल्यांकडे लक्ष द्या म्हणत तपासणीवाल्याला आधीच दटावलं, आणि ती आत गेली. साहेब काचेशी उभे राहिले. कुठलं विमान तिचं हे कळत नव्हतं, तरी उडणाऱ्या प्रत्येक विमानाला ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत होते. तीन विमानं वेगवेगळ्या बाजूंना गेली. मग ते खाली येणाऱ्या गाडीत बसले आणि घरी आले.

शनिवार गेला. शनिवारी काहीच झालं नाही, आणि तो दिवस तरी चांगला निघाला याचा साहेबांना उगाच राग आला. त्साय काकूंनी त्यांची पोळी न सांगता डबल अंड्याची केली. त्यांनी ती दुकानातच, सगळ्यांसमोर बसून खाल्ली. कुणी काही विचारलं नाही. गल्लीची माणसं दुष्ट असतात, पण जेवणाच्या वेळी नसतात.

रविवारी संध्याकाळी फोन आला. मुलगी झाली होती. पेइशान बरी होती, बाळ बरं होतं, बाळानं आजोबांचं कपाळ घेतलंय असं कळलं आणि त्यावर यूश्यानं वाईट वाटून घेऊ नका म्हटलं. साहेब हो, हो म्हणत राहिले. त्यांचा आवाज फुटत होता, आणि आवाज फुटला की ते काहीतरी मोजायला घेत, त्यांचा स्वभावच तो. म्हणून त्यांनी तीन दिवसांपासून मनात अडकलेला प्रश्न विचारला. विमान कुठल्या दिशेनं गेलं? समोर पडदा होता ना, काय दिसत होतं त्यावर?

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग बाळ किरकिरलं, मग पेइशान हसली. लाय साहेबांनी तिला दोन वर्षांत हसताना ऐकलं नव्हतं. ती का हसली हे त्यांना कळलं नाही.

"मला काय विचारता," यूश्या म्हणाली. "चढले, झोपले, उतरले. दारात पोर उभी होती. ठेवते आता, आलं करपेल."